मुलाचा पहिला जबाब

लहान मुलावरच्या लैंगिक अत्याचाराच्या खटल्यात आरोपी सुटला की गावातल्या पारावर आणि वर्तमानपत्रात एकच वाक्य ऐकू येतं : पुराव्याअभावी सुटला. त्यापाठोपाठ दोन निष्कर्ष ठरलेले. पहिला असा की कायदा आरोपीच्या बाजूचा आहे, पोराचं म्हणणं तो पुरावा म्हणून धरतच नाही. दुसरा असा की म्हणून शिक्षा वाढवा, फाशी द्या. हे दोन्ही निष्कर्ष मला उथळ वाटतात. शिवाय ज्या मुलांच्या कळवळ्यापोटी ते काढले जातात, त्याच मुलांचं त्यांनी नुकसान होतं.

माझं म्हणणं आधीच मांडतो. मुलाच्या शब्दाला भारतीय न्यायालयाचं दार सत्तर वर्षांहून अधिक काळ उघडं आहे. मुलाची साक्ष ग्राह्य धरण्याचा प्रश्न बव्हंशी सुटलेला आहे. खटला हातचा जातो तो त्याच्या कितीतरी आधी, मुलाचं म्हणणं पहिल्यांदा कागदावर उतरतं त्या तासा-दोन तासांत. तेव्हा कोणी काय विचारलं, मूल नेमकं काय म्हणालं आणि कागदावर काय आलं, याची विश्वास ठेवण्याजोगी नोंद आपण करत नाही. पुढची सगळी न्यायप्रक्रिया मात्र त्याच तासावर उभी असते. आईच्या कानापासून पोलिसांच्या टेबलापर्यंतचा हा टप्पा दुरुस्त केला नाही, तर शिक्षा कितीही वाढवली तरी उपयोग नाही. जात्यातून पीठच भरड पडत असेल तर चाळण बदलून भाकरी मऊ होत नाही.

१. दार उघडं आहे, आणि ते जुनं आहे

साक्षीदार होण्यासाठी किमान वय किती? भारतीय कायद्यात असं वयच नाही. १८७२च्या पुरावा कायद्याचं कलम ११८ आणि १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम १२४, दोन्ही एकच विचारतात : या व्यक्तीला प्रश्न समजतो का, आणि त्याला समजून उत्तर देता येतं का? चार वर्षांच्या मुलाला ते जमत असेल तर ते मूल साक्षीदार आहे. १९६९च्या शपथ कायद्याने बारा वर्षांखालच्या मुलाला आणखी एक मुभा दिली. शपथ म्हणजे काय हे त्याला कळत नसेल, पण खरं बोलायला हवं एवढं कळत असेल, तर शपथेविनाही त्याची साक्ष घेता येते.

या विषयातला पायाभूत निकाल १९५२च्या निवाड्यांत नोंदलेला आहे : रामेश्वर विरुद्ध राजस्थान राज्य. आठ वर्षांची मुलगी होती आणि खालच्या न्यायाधीशाने तिला शपथ दिली नव्हती. मग साक्ष बाद ठरते का? निकाल लिहिणारे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस हे नागपूर उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती. शपथ राहून गेल्याने साक्षीच्या वजनावर परिणाम होऊ शकतो, पण साक्ष अग्राह्य ठरत नाही, असं त्यांनी स्पष्ट केलं. मुलीने सुमारे चार तासांनी आईला जे सांगितलं होतं, तेही तिच्या साक्षीला दुजोरा म्हणून त्यांनी स्वीकारलं. असा दुजोरा हवाच असा कायद्याचा नियम नाही, ती सावधगिरीची रीत आहे, आणि प्रकरणाप्रमाणे ती बाजूलाही ठेवता येते, हेही त्याच निकालात आहे.

पुढच्या निकालांनी हे दार अधिकच मोकळं केलं. दत्तू रामराव साखरे विरुद्ध महाराष्ट्र राज्य (१९९७) या निकालाप्रमाणे मूल समजूतदार आणि विश्वासार्ह वाटलं तर त्याच्या एकट्याच्या साक्षीवर शिक्षा होऊ शकते. महाराष्ट्र राज्य विरुद्ध बंडू (२०१७) या प्रकरणातली पीडिता ऐकू-बोलू न शकणारी आणि बौद्धिक अक्षमता असलेली होती. तिची साक्ष झाली नाही म्हणून उच्च न्यायालयाने आरोपीला सोडलं. इतर पुरावा पुरेसा आहे असं म्हणून सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा कायम केली. राजस्थान राज्य विरुद्ध चत्रा हा निकाल मार्च २०२५चा आणि घटना १९८६ची. मूल साक्षीदाराच्या पिंजऱ्यात काहीच बोललं नाही, फक्त रडलं. १९८७मध्ये शिक्षा झाली, २०१३मध्ये सुटका झाली आणि २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा पुन्हा लागू केली. मुलाच्या मौनाचा फायदा आरोपीला देता येत नाही, असं न्यायालयाचं म्हणणं पडलं.

म्हणजे शपथ न घेता बोललेलं मूल, न बोललेलं मूल आणि न्यायालयात आलंच नाही असं मूल, या तिघांसाठीही कायद्यात जागा आहे. तरी लोक सुटतात. तेव्हा अडचण दुसरीकडे शोधायला हवी.

२. उचगाव ते कसबा बावडा

उचगाव हे करवीर तालुक्यातलं, कोल्हापूर शहराला पूर्वेकडून चिकटलेलं गाव. पुणे-बंगळूर महामार्ग शेजारून जातो, गांधीनगरची कापडपेठ हाकेच्या अंतरावर आहे. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत कामाला जाणारी कुटुंबं या पट्ट्यात भाड्याच्या खोल्या घेऊन राहतात. इथल्या कोणत्याही प्रत्यक्ष प्रकरणाबद्दल मी लिहीत नाही. राज्यभर चालणारी प्रक्रिया एका ओळखीच्या जागेवरून चालवून पाहू, इतकाच हेतू आहे.

समजा, इथली सात वर्षांची एक मुलगी संध्याकाळी आईला काही सांगते. आई घाबरते. विचारते, "शेजारच्या काकानंच केलं न्हवं?" प्रश्नातच नाव आलं. आजी येते आणि पुन्हा विचारते. दुसऱ्या दिवशी शाळेतल्या बाई विचारतात. मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांसाठी केलेल्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९प्रमाणे ही माहिती कळवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे, पण कळवण्याआधी खात्री करून घ्यावी असं त्यांना वाटतं. मग गांधीनगर पोलीस ठाण्याची हद्द म्हणून तिथे फिर्याद, आणि मुलीचा जबाब. मग सीपीआर रुग्णालयात तपासणी, तिथले डॉक्टर घटनेचा इतिहास लिहून घेतात. मग न्यायदंडाधिकाऱ्यांसमोरचा जबाब. बालकल्याण समिती. पुरवणी जबाब. महिन्यांनी किंवा वर्षांनी सरकारी वकिलांशी बोलणं, आणि शेवटी कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात विशेष न्यायालयापुढे सरकारी वकिलांची सरतपासणी आणि बचावाची उलटतपासणी. एकच गोष्ट मुलीने आठ-दहा वेळा, आठ-दहा मोठ्या माणसांना सांगितलेली असते. त्यातल्या प्रत्येकाने आपल्या पद्धतीने विचारलेलं असतं, आणि त्यातली निम्मी विचारणा कुठेच नोंदलेली नसते.

सात वर्षांच्या मुलाची स्मृती मोठ्यांच्या प्रश्नांनी बदलते. हे बचावपक्षाने रचलेलं कुभांड नाही, मानसशास्त्राने दाखवून दिलेली वस्तुस्थिती आहे. स्टीफन सेसी आणि मॅगी ब्रुक या संशोधकांनी १९९०च्या दशकात हे बारकाईने मांडलं. 'काय झालं, सांग' असा मोकळा प्रश्न विचारला तर लहान मूल थोडं सांगतं, पण ते बहुधा बरोबर असतं. 'त्यानं असं केलं का?' असं पुन:पुन्हा विचारलं की उत्तरं वाढतात आणि चुकाही वाढतात. पहिल्या दोन-तीन संभाषणांत जे बिघडलं, ते पुढे कोणत्याही न्यायाधीशाला सुटं करून पाहता येत नाही.

परप्रांतातून आलेल्या कुटुंबात आणखी एक गाठ पडते. मूल हिंदी, कन्नड किंवा भोजपुरी बोलतं आणि जबाब मराठीत होतो. मधे दुभाषा कोण, तर शेजारी किंवा नातेवाईक. पॉक्सोच्या कलम २६मध्ये पात्र दुभाष्याची तरतूद आहे. घाईत जो हाताशी असेल तो दुभाषा होतो, आणि त्याने मुलाच्या वाक्याचं काय केलं हे कोणालाही तपासता येत नाही.

३. जबाबाची भाषा

पॉक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ला लागू झाला. त्याची कलमं २४, २५ आणि २६ मला फार मोलाची वाटतात. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला हव्या त्या जागी घ्या. शक्य तोवर किमान उपनिरीक्षक दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने घ्या. अंगावर गणवेश नको. रात्री मुलाला ठाण्यात ठेवू नका. विश्वासातलं माणूस जवळ असू द्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं : मूल बोलेल तसं लिहा.

प्रत्यक्षात जबाबांचे कागद पाहा. 'मी समक्ष विचारलेवरून जबाब लिहून देते की', 'सदर इसमाने माझे मनास लज्जा उत्पन्न होईल असे कृत्य केले'. सात वर्षांचं कोणतं मूल असं बोलतं? मुलाने वापरलेला शब्द, त्याने दाखवलेली जागा, मधे थांबून सांगितलेली एखादी विसंगत वाटणारी गोष्ट (तेव्हा टीव्हीवर काय लागलं होतं, काकांच्या शर्टाचा रंग कोणता होता) हे सगळं या भाषेत वितळून जातं. लिहिणाऱ्याला ते अनावश्यक वाटतं. खरं तर मूल प्रत्यक्ष अनुभवलेलं बोलतंय की पढवलेलं, हे ओळखायची खूण अशाच तपशिलांत असते.

पुढे न्यायालयात काय होतं ते पाहा. मुलगी आता दहा वर्षांची झाली आहे. ती आपल्या शब्दांत सांगते, आणि ते शब्द पोलिसांच्या कागदावर नसतात. पोलिसांसमोरचा जबाब हा स्वतंत्र पुरावा नव्हे. साक्षीदाराला खोडून काढण्यासाठी मात्र बचावाला तो वापरता येतो, आणि महत्त्वाची गोष्ट जबाबात राहून गेली असेल तर तीही विसंगती ठरू शकते. मग जबाबातल्या भागांवर 'ए', 'बी' अशा खुणा होतात. राहून गेलेल्या प्रत्येक गोष्टीबद्दल मुलीकडून तेच ठरीव वाक्य नोंदवलं जातं : ही बाब माझ्या जबाबात का लिहिली नाही, याचं कारण मला सांगता येणार नाही. ते कारण तिला माहीत असण्याची शक्यताच नाही, कारण जबाब तिने लिहिलेला नाही. लिहिणाऱ्याच्या भाषेतली चूक तिच्या खोटेपणाचा पुरावा होऊन बसते. हा अन्याय कायद्याच्या मजकुरात नाही. मजकूर 'मूल बोलेल तसं' एवढंच म्हणतो. अन्याय घडतो तो तो मजकूर न पाळल्यामुळे.

न्यायदंडाधिकाऱ्यांसमोरच्या जबाबाचं वजन यापेक्षा जास्त मानलं जातं, पण तोही दुजोऱ्यासाठी किंवा खोडण्यासाठीच चालतो. मुलगी न्यायालयात फितूर झाली, म्हणजे घरातल्यांच्या दबावाखाली गप्प बसली, तर तो एकटा शिक्षेचा आधार होत नाही. आणि बहुतेक प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो. शेजारी, नातेवाईक, कधी घरातलाच. तो घर चालवणारा असेल तर महिनोन् महिने त्या घरात त्या मुलीवर काय दबाव येत असेल, हे वेगळं सांगायला नको.

कागदावरचा शब्द किती डळमळीत असतो, याचं महाराष्ट्रातलं मोठं उदाहरण म्हणजे कुलाब्याच्या अँकरेज शेल्टर्सचा खटला. रस्त्यावरच्या मुलांसाठी काढलेल्या या आश्रयगृहातल्या अत्याचारांची तक्रार २००१मध्ये झाली. २००६मध्ये सत्र न्यायालयाने दोन ब्रिटिश नागरिकांना आणि एका व्यवस्थापकाला शिक्षा दिली. २००८मध्ये उच्च न्यायालयाने तिघांना सोडलं, आणि १८ मार्च २०११ला सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा पुन्हा कायम केली. मुलं तीच, साक्षही तीच. एका न्यायालयाला ती पुरेशी विश्वासार्ह वाटली नाही, दुसऱ्याला वाटली. अपिलात बसलेल्या न्यायाधीशांसमोर मूल नसतं, फक्त टंकलिखित कागद असतो. मूल कुठे थांबलं, कशावर ठाम राहिलं, कोणत्या प्रश्नानंतर बोललं, हे त्यांना दिसत नाही. निवृत्ती पांडुरंग कोकाटे विरुद्ध महाराष्ट्र राज्य (२००८) या निकालाने बालसाक्षीदाराची पारख मुख्यत: साक्ष प्रत्यक्ष पाहणाऱ्या न्यायाधीशावर सोपवली ती याच कारणाने. पण साक्ष नोंदवणाऱ्या त्या न्यायाधीशानेही मूल पाहिलेलं असतं ते घटनेनंतर दोन-चार वर्षांनी.

४. वस्तूसाठी सक्ती, मुलासाठी सवड

इथे कायद्याचा एक दोष मला सरळ दाखवायचा आहे. जुलै २०२४पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५प्रमाणे झडती आणि जप्तीचं चित्रीकरण सक्तीचं आहे. चोरीचा मोबाइल जप्त करतानाही कॅमेरा चालू हवा. पॉक्सोच्या कलम २६मध्ये मुलाच्या जबाबाचं चित्रीकरण 'जिथे शक्य असेल तिथे' करायचं आहे. बलात्कारपीडितेच्या जबाबाबद्दल नव्या संहितेचं कलम १७६ 'करता येईल' एवढंच म्हणतं.

जप्त केलेली वस्तू बोलत नाही, विसरत नाही, कोणाच्या दबावाखाली बदलत नाही. मूल या तिन्ही गोष्टी करतं. तरी सक्ती वस्तूसाठी आहे आणि मुलासाठी सवड. ही विसंगती कोणी जाणूनबुजून केली असं मी म्हणत नाही. पण ती टिकून आहे, कारण सार्वजनिक चर्चा अखंड शिक्षेभोवती फिरत राहते.

दुसरी विसंगती याहून बोलकी आहे. २०१३च्या दुरुस्तीने, आणि आता नव्या संहितेच्या कलम १८३ने, शारीरिक किंवा बौद्धिक अक्षमता असलेल्या पीडितेबाबत वेगळी व्यवस्था केली. तिचा दंडाधिकाऱ्यांसमोरचा जबाब चित्रित करायचा आणि तोच तिची सरतपासणी मानायचा. न्यायालयात मग फक्त उलटतपासणी उरते. पुन:पुन्हा सांगायला लावण्याने नुकसान होतं, हे तत्त्व कायद्याने एका गटासाठी मान्य केलं. पाच वर्षांच्या मुलाला ते का लागू होऊ नये, याचं पटणारं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

५. डॉक्टरांच्या कागदावर किती टेकायचं

'मेडिकल निगेटिव्ह आलं' म्हणजे खटला संपला, ही समजूत पोलीस, पालक आणि पुष्कळ वकिलांतही आहे. पॉक्सोतले किती तरी गुन्हे स्पर्शाचे आहेत, त्यांची खूण शरीरावर राहत नाही. राहिली तरी मुलं बहुतेक वेळा आठवड्यांनी, महिन्यांनी बोलतात. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची २०१४ची मार्गदर्शक तत्त्वं नमुने घेण्याची मुदत साधारण ९६ तासांची मानतात, आणि इजा नाही म्हणजे अत्याचार नाही असा निष्कर्ष काढू नये, असंही सांगतात. बलात्काराच्या तपासणीतली 'टू फिंगर' चाचणी सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३च्या लिल्लू निकालाने अमान्य केली. २०२२मध्ये झारखंडच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ती करणाऱ्याला गैरवर्तनाचा दोषी धरायला सांगितलं. फिर्याद दाखल झाली नसली तरी तपासणी थांबत नाही, हे पॉक्सोचं कलम २७ सांगतं. वैद्यकीय पुरावा मिळाला तर मोलाचा, पण तो मिळाला नाही की सगळा भार फिरून मुलाच्या शब्दावरच येतो. म्हणून त्या शब्दाची काळजी आधी.

६. दाखला

जबाबाखेरीज खटला ढासळण्याचं आणखी एक कारण म्हणजे वय. पंधरा ते अठरा वयातल्या मुलींच्या, विशेषत: प्रेमसंबंधांतून झालेल्या खटल्यांत, सगळी लढाई वयावर येते. आपल्याकडे वय म्हटलं की शाळा सोडल्याचा दाखला पुढे केला जातो. पी. युवप्रकाश प्रकरणात (२०२३) सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की बाल न्याय कायद्याच्या कलम ९४मध्ये असा दाखला बसत नाही. शाळेचं जन्मतारखेचं प्रमाणपत्र किंवा बोर्डाचं प्रमाणपत्र, ते नसेल तर महापालिकेची, नगरपालिकेची किंवा ग्रामपंचायतीची जन्मनोंद, आणि काहीच नसेल तर हाडांची चाचणी, असा क्रम आहे. हाडांच्या चाचणीत दोन वर्षांचा फरक सहज पडतो. ग्रामपंचायतीतला उतारा वेळेवर काढला नाही म्हणून खटला ढासळणं ही निव्वळ हयगय आहे. मात्र लहान मुलांच्या खटल्यांत वयाचा वाद क्वचितच उरतो, म्हणून यावर अधिक थांबत नाही.

७. गृहीतकाने काम भागतं का

पॉक्सोच्या कलम २९मध्ये गृहीतक आहे : काही गंभीर गुन्ह्यांत आरोपीने गुन्हा केला असं न्यायालय धरून चालेल, उलट सिद्ध करणं आरोपीकडे. लोकांना वाटतं, आता पुराव्याची गरजच काय? पण नवीन धनीराम बरैय्ये प्रकरणात (२०१८) मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्पष्ट केलं की आधी सरकारपक्षाने मूळ तथ्यं उभी करायला हवीत, मगच गृहीतक लागू होतं. मूळ तथ्यं म्हणजे काय? बहुतेक वेळा मुलाचं सुसंगत म्हणणं. म्हणजे आपण फिरून पहिल्या जबाबापाशीच येतो. गृहीतक हे मोडक्या जबाबाची जागा घेत नाही, आणि घेऊही नये.

८. फाशीची मागणी आणि बदलापूर

२०१८मध्ये बारा वर्षांखालच्या मुलीवरच्या बलात्काराला फाशीची तरतूद झाली. २०१९मध्ये पॉक्सोतल्या गंभीर गुन्ह्यांना फाशी आली आणि किमान शिक्षा वीस वर्षं झाली. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने डिसेंबर २०२१मध्ये शक्ती विधेयक मंजूर केलं, त्यालाही फाशीचा आधार होता. राष्ट्रपतींची संमती त्याला मिळाली नाही. यातल्या एकाही पावलाने पहिला जबाब कसा घ्यावा याला हात लावलेला नाही. उलट दोन परिणाम संभवतात. शिक्षा जितकी भयंकर, तितका न्यायाधीश शंकेला अधिक जागा देतो, आणि फाशीच्या प्रकरणात त्याने तसं करणं योग्यच आहे. दुसरं, आरोपी घरचा असेल तर त्याला फाशी होईल या भीतीने घर मुलाला गप्प करतं.

ऑगस्ट २०२४मध्ये बदलापूरच्या शाळेत चार वर्षांच्या दोन मुलींवर अत्याचार झाल्याचा आरोप झाला. तक्रार नोंदवायला आलेल्या पालकांना तासन् तास ताटकळत ठेवल्याच्या बातम्या आल्या, आणि २० ऑगस्टला लोकांनी रेल्वे रोखली. फाशीच्या घोषणा झाल्या. २३ सप्टेंबरला पोलिसांच्या ताब्यात असताना आरोपी गोळीबारात मरण पावला, आणि ठिकठिकाणी जल्लोष झाला. त्या जल्लोषाचा मला आजही त्रास होतो. त्याच्यावरचा आरोप कोणत्याही न्यायालयात तपासला गेला नाही, आणि आता तपासला जाणारही नाही. लोकांचा खरा राग ज्या गोष्टीवर हवा होता, म्हणजे पालक ठाण्यात आले त्या पहिल्या काही तासांवर, तो त्या गोळीबारानंतर पुष्कळसा विरून गेला.

९. आक्षेप

पहिला आक्षेप बचावपक्षाच्या वकिलांचा : चित्रित जबाब हीच सरतपासणी मानली तर आरोपीच्या हक्काचं काय? माझं उत्तर असं की चित्रीकरणाने आरोपीचं रक्षणही होतं. कॅलिफोर्नियातल्या मॅन्हॅटन बीच इथल्या मॅकमार्टिन बालवाडीचं प्रकरण १९८३ला सुरू झालं. शेकडो मुलांच्या मुलाखती झाल्या, भयानक आरोप झाले, आणि १९९०मध्ये ते संपलं तेव्हा एकालाही शिक्षा झालेली नव्हती. मुलाखतींच्या फिती होत्या म्हणूनच ज्युरींना दिसलं की उत्तरं मुलांच्या तोंडी घातली गेली होती. फिती नसत्या तर? निरपराध माणसाच्या हातात मुलाखतीतली चूक दाखवायला तोच एक पुरावा असतो. आणि उलटतपासणी काढून टाका असं मी म्हणत नाही. ती लवकर व्हावी, एवढंच म्हणतो.

दुसरा आक्षेप : मुलांना पढवता येतं. येतं, यात शंका नाही. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५मध्ये मध्य प्रदेश राज्य विरुद्ध बलवीर सिंग या निकालात पढवलेली साक्ष कशी ओळखावी यावर सविस्तर लिहिलं. तिथे साक्षीदार सात वर्षांची मुलगी होती, आणि जबाब उशिरा झाला एवढ्यावरून तिची साक्ष टाकून देणं न्यायालयाला मान्य झालं नाही. पण पढवलं की नाही, हे ठरवायला आधी काय बोललं गेलं ते माहीत हवं. केवळ उत्तरांचा, तोही पोलिसी मराठीतला, कागद समोर असताना ते ठरवणार कसं? प्रश्न आणि उत्तरं क्रमाने नोंदलेली असली, तरच ही तपासणी शक्य आहे. 'खोटं बोललं तर काय होतं?' आणि 'पाप लागतं' या न्यायालयातल्या ठरलेल्या प्रश्नोत्तरातून पढवणी पकडली जात नाही.

तिसरा आक्षेप सगळ्यात व्यवहारी : तालुक्याच्या ठाण्यात कुठला कॅमेरा, कुठली प्रशिक्षित माणसं? कॅमेऱ्याचा प्रश्न कलम १०५ने निकालात काढला आहे. जप्तीसाठी ज्या फोनवर चित्रीकरण होतं, त्याच फोनवर हेही होईल. प्रशिक्षणाचं मात्र खरं आहे. मुलाशी मोकळ्या प्रश्नांनी बोलणं, शांतता सहन करणं, उत्तर सुचवण्याचा मोह आवरणं, हे शिकावं लागतं, आणि एका कार्यशाळेत ते येत नाही. आइसलँडने १९९८मध्ये रेक्याविकमध्ये मुलांसाठी एक घर उभारलं. तिथे प्रशिक्षित व्यक्ती मुलाशी एकदाच बोलते, आणि न्यायाधीश व बचावाचे वकील दुसऱ्या खोलीतून पाहतात. इंग्लंडमध्ये पिगट समितीने १९८९मध्ये सुचवलेली व्यवस्था १९९९च्या कायद्यात आली. चित्रित मुलाखत हीच सरतपासणी आणि उलटतपासणीही आधीच चित्रित. तिचा दुसरा भाग सगळीकडे पोचायला दोन दशकं लागली. म्हणजे तिथेही हे सोपं नव्हतं. पण प्रत्येक जिल्ह्यात दुर्बल साक्षीदारांसाठी साक्ष-केंद्रं उभारण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२२मध्ये स्मृती तुकाराम बडदे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या आपल्याच राज्यातल्या प्रकरणात दिला आहे. त्या खोल्या खटला उभा राहिल्यावर, वर्षांनी वापरायच्या, की पहिल्या आठवड्यातच, एवढाच निर्णय बाकी आहे.

१०. चार बदल

कलम २६मधले 'जिथे शक्य असेल तिथे' हे शब्द काढावेत. प्रश्नांसकट, अखंड चित्रीकरण सक्तीचं करावं. अक्षमता असलेल्या पीडितेसाठीची कलम १८३ची व्यवस्था किमान बारा वर्षांखालच्या प्रत्येक मुलाला लागू करावी. दखल घेतल्यापासून तीस दिवसांत मुलाची साक्ष नोंदवावी असं पॉक्सोचं कलम ३५ आजही सांगतं. ते पाळून उलटतपासणी साक्ष-केंद्रातच, कलम ३३प्रमाणे न्यायाधीशांमार्फत प्रश्न विचारून उरकावी. तपास, तज्ज्ञ, पंच यांची वाट मुलाने का पाहावी?

चौथा बदल कायद्यातला नाही, तुमच्या-माझ्या घरातला आणि शाळेतला आहे. मूल बोलायला लागलं की विचारू नका, ऐका. 'मग?' यापलीकडे प्रश्न नको. ते उठून गेल्यावर तारीख, वेळ, त्याचे जसेच्या तसे शब्द आणि आपण काय विचारलं ते लिहून ठेवा. नंतर ठाण्यात आणि न्यायालयात हेच सांगा. शक्य तितक्या लवकर, पढवायला अवसर मिळण्याआधी केलेलं कथन दुजोरा म्हणून चालतं, हे रामेश्वर प्रकरणापासून मान्य आहे, आणि नव्या साक्ष्य अधिनियमाच्या कलम १६०मध्ये ती तरतूद कायम आहे. अंगणवाडी सेविका आणि प्राथमिक शिक्षकांना एवढं एक पान शिकवायला कोणत्याही दुरुस्तीची गरज नाही.

१८ ऑगस्ट २०२५पासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतली पॉक्सोची अपिलं आता मुंबईऐवजी इथे ऐकली जातील. कायदा बदलेपर्यंत थांबायची गरज त्या न्यायालयाला नाही. जामिनाच्या आणि अपिलाच्या प्रत्येक सुनावणीत सरकारी वकिलांना एक प्रश्न विचारता येईल : मुलाच्या जबाबाचं चित्रीकरण कुठे आहे, आणि नसेल तर ते का शक्य झालं नाही, हे त्या दिवशी कोणी लिहून ठेवलं? हा प्रश्न सहा महिने सातत्याने विचारला गेला, तर सहा जिल्ह्यांतल्या पोलीस ठाण्यांना 'जिथे शक्य असेल तिथे' या शब्दांमागे लपता येणार नाही.